घड्याळाने मोजलेली लेझीम

सकाळचे पाच पन्नास. द्वारकेतल्या एका सोसायटीच्या चौथ्या मजल्यावर, बाल्कनीत पाट टाकून कौसल्या गजभिये लेझमी दुरुस्त करत बसल्या होत्या. मांडीवर जाड टॉवेल होता, कारण साखळी नुसती सरकली तरी खळखळ होते आणि भिंतीपलीकडचे सूद अंकल जागे होतात. एका लेझमीची चकती वाकली होती. ती त्यांनी पकडीने सरळ केली, शिलाई मशीनचं तेल एक थेंब सोडलं, चकती बोटाने फिरवून पाहिली आणि लेझीम टॉवेलात गुंडाळून पिशवीत ठेवली. मग पुढची घेतली. काळपट पडलेल्या दांड्याची एक जुनी लेझीम त्यांनी सगळ्यांत आधी तेल लावून, पुसून बाजूला ठेवली होती. ती त्यांची स्वतःची.

डाव्या मनगटावर चौकोनी काळं घड्याळ होतं. त्यावर आकडा होता ७१. शेजारच्या खुर्चीवर एक काळा इलॅस्टिकचा पट्टा पडला होता, मध्ये बटणाएवढं यंत्र असलेला. तो छातीभोवती बांधायचा होता. मुलाने, बुद्धभूषणने, तो ऑफिसातल्या एका सायकलवाल्या मित्राकडून मागून आणला होता. घड्याळ खरं की पट्टा खरा, हे आज मैदानावर बघायचं ठरलं होतं. आणि चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत कौसल्याबाई उजव्या कोपऱ्यात उभ्या राहणार की नाही, हे त्यावर अवलंबून होतं.

उजवा कोपरा म्हणजे काय, हे लेझीम न खेळलेल्यांना सांगावं लागतं. पथकाच्या पहिल्या ओळीत उजव्या टोकाला जी उभी असते, तिच्याकडे मागच्या सगळ्या ओळी डोळ्याच्या कडेने पाहत असतात. ताल हलगीकडून घ्यायचा, पाऊल कोपऱ्याकडून. कोपरा अडखळला की सगळी ओळ अडखळते. आर. के. पुरमच्या महिला लेझीम पथकाचा हा कोपरा गेली चोवीस वर्षं कौसल्याबाईंचा आहे. त्या सहासष्ट वर्षांच्या आहेत. मूळच्या वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावच्या. लग्न होऊन दिल्लीत आल्या, इथेच परीक्षा देऊन केंद्र सरकारच्या नोकरीत लागल्या आणि सेक्शन ऑफिसर होऊन निवृत्त झाल्या. पती राजाराम सात वर्षांपूर्वी गेले. त्यानंतर त्या मुलाकडे द्वारकेला राहायला आल्या. मैदान मात्र बदललं नाही. जनकपुरी वेस्टला मेट्रो बदलून त्या अजूनही आर. के. पुरमलाच जातात.

गेल्या नोव्हेंबरात मेट्रोचा जिना चढताना त्यांच्या छातीवर दाब आला. सरकता जिना त्या दिवशी बंद होता. त्या रेलिंग धरून उभ्या राहिल्या, कोणाला काही न बोलता घरी आल्या, आणि रात्री जेवताना सुनेच्या लक्षात आलं की सासूबाईंनी घास हातातच धरून ठेवलाय. एक स्टेंट बसला. ठोके आवरणारी एक गोळी सुरू झाली. डॉक्टरबाई पंजाबी, बोलायला मोकळ्या. म्हणाल्या, "एक्सरसाइज़ बंद नहीं करनी है, आंटी. बस, हार्ट रेट एक सौ बीस के ऊपर मत ले जाना."

डॉक्टरांचं वाक्य कौसल्याबाईंनी पहिल्या भागापर्यंत ऐकलं, बुद्धभूषणने दुसऱ्या भागापासून. त्याच आठवड्यात त्याने घड्याळ आणलं.

बुद्धभूषण एकोणचाळीस वर्षांचा. गुरुग्रामला एका कंपनीत मोबाइलचे टॉवर कुठे उभारायचे याचं गणित मांडतो. घड्याळाचं अ‍ॅप त्याने स्वतःच्याही फोनवर जोडून घेतलं आणि त्यात मर्यादा टाकली: १२०. आकडा त्याच्या वर गेला की त्याच्या फोनवर लाल पट्टी येणार.

मार्चच्या मध्यावर सराव सुरू झाला आणि पहिल्याच सकाळी लाल पट्टी आली. कौसल्याबाईंचा फोन मैदानाच्या कडेला पिशवीत वाजत राहिला. शेवटी हलगी वाजवणाऱ्या उल्हास रामटेक्यांनी वाजवणं थांबवून तो आणून दिला.

"आई, थांब. आत्ताच्या आत्ता खाली बस."

"काय झालं?"

"एकशे अठ्ठावन्न दाखवतंय!"

"दाखवू दे. मी बोलतेय ना तुझ्याशी? धाप लागलीय का मला?"

"आई, यार, तुला नाही कळणार. घड्याळाला कळतं."

कौसल्याबाई खाली बसल्या. उल्हासराव निवृत्त नकाशाकार, त्यांच्याहून दोन वर्षांनी लहान आणि तोंडाने फटकळ. ते म्हणाले, "ताई, पोराने तुम्हाला ऑटोसारखं मीटर लावलंय. भाडं किती झालं विचारा."

दुसऱ्या दिवशी १५४. तिसऱ्या दिवशी १६१. त्या संध्याकाळी घरात बोलणं झालं. बुद्धभूषण ओरडला नाही, त्याने फक्त फोन टेबलावर ठेवला आणि तिन्ही दिवसांचे आकडे दाखवले. ठरलं असं, की आणखी एकदा लाल पट्टी आली तर यंदा कोपरा नाही. कौसल्याबाई हो म्हणाल्या. बंद जिन्यावरचा तो दाब त्यांना आठवत होता. पण मैदानावर तसं काहीच होत नव्हतं, आणि नेमकं हेच त्यांना समजत नव्हतं. इतका मोठा आकडा शरीरात आहे आणि शरीराला त्याचा पत्ता नाही, असं कसं?

या लेझमी आल्या त्या १९८६ साली, नागपूरहून, बिछाना गुंडाळायच्या एका होल्डॉलमध्ये. राजाराम कसल्याशा ऑफिसच्या कामाला गेले होते. येताना गाडीत त्यांनी होल्डॉल बाकाखाली सरकवला आणि प्रत्येक स्टेशनावर गाडी हलली की बाकाखालून खळखळ ऐकू यायची. इटारसीला एका हवालदाराने तो उघडायला लावला. आत काय आहे ते बघून त्याने विचारलं, "इतने सारे झुनझुने किसके लिए?"

त्या काळी आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टर्समध्ये विदर्भ-मराठवाड्यातली पुष्कळ बौद्ध कुटुंबं होती. कोणी टपाल खात्यात, कोणी रेल्वेत, कोणी जनगणनेच्या कचेरीत. जयंतीला पुरुषांचं पथक असायचं. बायका पुढे निळे झेंडे घेऊन चालायच्या. कुसुमावती कांबळे म्हणून टपाल खात्यातल्या एक बाई होत्या, नांदेडच्या, कौसल्याबाईंहून सोळा वर्षांनी मोठ्या. त्या एका सभेत उठून म्हणाल्या होत्या, "झेंडे धरून हात दुखतात. आम्हालाही काही वाजवायला द्या." त्यातून बायकांचं पथक उभं राहिलं. पुलगावच्या शाळेत कौसल्याबाई लेझीम खेळलेल्या होत्या, म्हणून शिकवायचं काम त्यांच्याकडे आलं. वयाचा मान म्हणून कोपरा कुसुमावतींकडे.

सराव क्वार्टर्समागच्या मैदानावर व्हायचा. साडीवर स्वेटर, पायात नवऱ्यांचे नाहीतर मुलांचे कॅनव्हासचे बूट. बाल्कन्यांतून तमिळ, बंगाली, मल्याळी कुटुंबं बघायची. समोरच्या बंगाली बाईंना पहिलं वर्षभर हा गरब्याचा प्रकार वाटत होता. हुकूम मात्र कोणाला समजावून सांगावे लागले नाहीत. चार आवाज, पवित्रा, दो रुख, आगे फलांग. लेझमीचे हुकूम महाराष्ट्रातल्या शाळेतही असेच हिंदी वळणाचे असतात. दिल्लीत ते घरच्यासारखे वाटले.

लहान बुद्धभूषण पाण्याच्या टाकीवर बसून ओळी सरळ आहेत का ते ओरडून सांगायचा. पुढे मुलांच्या पथकात तो स्वतः खेळला. आठवीत असताना वर्गातल्या कोणीतरी मिरवणूक पाहिली आणि दुसऱ्या दिवसापासून शाळेत त्याचं नाव झुनझुना पडलं. त्याने लेझीम कपाटावर टाकली. कौसल्याबाईंनी एकदा विचारलं, त्याने अभ्यासाचं कारण सांगितलं, आणि विषय तिथेच संपला.

कुसुमावतींचा एक नियम होता: ज्याला शेवटची फेरी झेपत नाही, त्याने कोपरा धरायचा नाही. शेवटच्या फेरीला पथकात दौड म्हणतात. हलगी दुप्पट होते, पाय जागेवर राहत नाहीत, सगळी ओळ लेझीम वाजवत धावत पुढे जाते आणि धावतच मागे येते. दोन हजार एक साली एका सरावात, दौड सुरू व्हायच्या आधी, कुसुमावती ओळीतून बाहेर आल्या. त्यांचे गुडघे वर्षभर दुखत होते हे सगळ्यांना माहीत होतं. त्यांनी आपली लेझीम कौसल्याबाईंच्या हातात दिली, त्यांची आपण घेतली आणि दुसऱ्या ओळीत जाऊन उभ्या राहिल्या. भाषण नाही, काही नाही. उल्हासराव हलगी हातात धरून बघत राहिले, तर त्यांना म्हणाल्या, "काय बघता? वाजवा." काळपट दांड्याची लेझीम ती.

आता त्या क्वार्टर्सपैकी बरेच रिकामे झालेत. पथकात जुन्या बाया निम्म्याहून कमी उरल्यात, आणि बाकीच्या मुली. मुली बहुतेक ओल्ड राजेंद्र नगरला खोल्या घेऊन यूपीएससीचा अभ्यास करणाऱ्या, महाराष्ट्रातल्या तालुक्यांतून आलेल्या. त्यांतली केतकी हिंगोलीची. लेझीम सगळ्यांत चांगली तिचीच. ती कौसल्याबाईंना मावशी म्हणते.

घड्याळाचा पट्टा एक भोक सैल केला की आकडा वाढत नाही, हा शोध कौसल्याबाईंना ठरावानंतरच्या पहिल्याच सकाळी लागला. मनगटावर घाम आला होता म्हणून त्यांनी तो सैल केला. त्या दिवशी दौडीतही घड्याळ ८६ च्या वर गेलं नाही. त्यांनी केतकीला मनगट दाखवलं.

"बघ. म्हटलं नव्हतं? मला काही झालेलं नाही."

"मावशी, ते लटकतंय नुसतं. हे चीटिंग आहे."

"चीटिंग कसली? घाम येतो."

"यूपीएससीत हे उत्तर दिलं तर घरी पाठवतील."

आठवडाभर लाल पट्टी आली नाही. कौसल्याबाई घरी गुणगुणत भाजी चिरू लागल्या. पण बुद्धभूषणला आकडे वाचायची सवय होती. एका रात्री तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

"आई, तू लेझीम खेळताना तुझे ठोके शहाऐंशी. आणि काल कणीक मळताना ब्याण्णव. अच्छा है."

"कणीक घट्ट होती."

"मी रविवारी येतो मैदानावर."

तो आला. मैदानावर पाय ठेवायची त्याची ही आठवी इयत्तेनंतरची पहिली वेळ. उल्हासरावांनी त्याला पाहून हलगी उंच धरून सलाम केला. "या, साहेब! टाकी तोडली हो, नाहीतर तुमची जागा राखून ठेवली असती." बुद्धभूषणने "जय भीम, काका" म्हटलं, आईच्या मनगटावरचा पट्टा घट्ट केला आणि फोन हातात घेऊन मोठ्या कडुनिंबाखाली उभा राहिला. कौसल्याबाईंचा चेहरा परीक्षेच्या निकालाला आल्यासारखा होता.

चार आवाज सुरू झाले. आकडा ९४, ९८, आणि मग एकदम १५२. बुद्धभूषणने तोंड उघडलं होतं, तेवढ्यात उल्हासरावांना खोकला आला. हलगी थांबली, लेझमी थांबल्या, आणि घड्याळ काही क्षणांत खाली आलं. १०१. खोकला संपला, हलगी सुरू झाली, आकडा परत १५२. उल्हासरावांनी लय थोडी वाढवली, तो १५८ झाला.

बुद्धभूषण तसाच बघत राहिला. मग त्याने हात वर केला. "काका, जरा हळू वाजवा. आता जोरात. आता थांबा."

"अरे, मी काय रेडिओ आहे?" उल्हासराव म्हणाले, पण त्यांनी वाजवलं.

आकडा हलगीच्या मागे मागे जात होता. हृदय असं जात नाही. धावून थांबलं तर ते खाली यायला वेळ घेतं, हे जिन्याने चौथ्या मजल्यावर चढणाऱ्या कोणालाही माहीत असतं. बुद्धभूषणने आईचं घड्याळ काढून स्वतःच्या मनगटावर घट्ट बांधलं आणि केतकीच्या हातातली लेझीम मागितली. दोन्ही पाय जमिनीवर ठेवून, जागचा न हलता, तो हलगीवर नुसती लेझीम वाजवू लागला. हात विसरले नव्हते. जरा वेळाने त्याने मनगट फिरवून पाहिलं. १५६. तो सावलीत उभा होता आणि सकाळपासून त्याने चहाखेरीज काही केलं नव्हतं.

"मरतोय वाटतं हा," एक बाई म्हणाल्या. "याला खाली बसवा."

सगळं मैदान हसलं. बुद्धभूषणही हसला, पण लेझीम त्याने लगेच परत केली नाही. दो रुख झाला, पवित्रा झाला. मग त्याने ती केतकीकडे दिली.

त्या रात्री त्याने वाचून काढलं, आणि दुसऱ्या सकाळी चहाच्या वेळी आईला आणि बायकोला सांगितलं. घड्याळाच्या खालच्या बाजूला जो हिरवा दिवा लुकलुकतो, तो कातडीत उजेड टाकतो. रक्ताची लाट आली की परत येणारा उजेड कमी होतो, गेली की वाढतो. घड्याळ त्या चढउतारावरून ठोके मोजतं. बसलेलं असताना, चालताना ते ठीक मोजतं. पण मनगटालाच एका लयीत झटके बसू लागले तर उजेडाचा चढउतार त्या झटक्यांनीही होतो, आणि कोणती लय रक्ताची आणि कोणती हाताची हे त्याला नेहमी ओळखता येत नाही. धावणाऱ्यांच्या घड्याळातही कधी कधी पावलंच मोजली जातात. लेझीम तर मनगटानेच वाजवायची. घड्याळ तीन दिवस उल्हास काकांची हलगी मोजत होतं.

"सॉरी, आई," तो म्हणाला.

"म्हणजे मी खेळू?"

"बिल्कुल खेळ."

सून मैत्री चहाचे कप उचलत होती. ती सरकारी लेखापरीक्षणात नोकरी करते. ती म्हणाली, "आधीचा आकडा चुकीचा निघाला, एवढंच झालं. बरोबर आकडा कोणता, हे कुठे कळलंय?"

बुद्धभूषणने ऑफिसात जाऊन सायकलवाल्या मित्राकडे छातीचा पट्टा मागितला. हा पट्टा उजेडावर चालत नाही. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला जी बारीकशी वीज निर्माण होते, ती तो कातडीवरून टिपतो. हाताशी त्याचा संबंध नाही.

तर आज शनिवारी, लेझमी पुसून झाल्यावर, मैत्रीने पट्ट्याची आतली बाजू पाण्याने ओली केली आणि सासूबाईंच्या कुर्त्याखाली तो बांधला.

"गार आहे गं. ब्लाउजचं माप घेतेयस की काय?"

"श्वास घ्या, आई. हं, सोडा. घट्ट होतोय?"

"लग्नातल्या शालूइतका नाही."

तिघं आज गाडीने निघाली. लेझमींची पिशवी डिकीत खळखळत होती. मैदानावर बुद्धभूषण दोन फोन घेऊन कडुनिंबाखाली उभा राहिला. उजव्या हातातल्या फोनवर घड्याळ, डाव्या हातातल्या फोनवर छातीचा पट्टा. मैत्री त्याच्या शेजारी.

चार आवाज: घड्याळ १५२, पट्टा ९६. पवित्रा: घड्याळ १५५, पट्टा १०४. दो रुख आणि आगे फलांग झाले तेव्हा पट्टा ११३ वर होता, मर्यादेच्या आत, आणि हळूहळू चढत होता, जसं माणसाचं हृदय चढतं. बुद्धभूषणने आईकडे बघून अंगठा वर केला. कौसल्याबाईंनी तो पाहिला. त्यांनी मान उंच केली आणि दौडीची शिट्टी फुंकली. शिट्टी नेहमी कोपऱ्याकडे असते.

हलगी दुप्पट झाली. ओळी पुढे धावल्या. घामाने घड्याळ मनगटावरून सरकून खाली आलं आणि आकडा पडला: ८९. पट्टा ११९ वर गेला, मग १२४, मग १२९. ओळी मागे आल्या आणि पुन्हा पुढे गेल्या. १३४.

बुद्धभूषणने एक पाऊल पुढे टाकलं. मैत्रीने त्याचा हात धरला. "संपतच आलंय. ओरडलास तर दचकतील."

दौड संपली. कौसल्याबाई ओळीतून बाहेर आल्या, गुडघ्यांवर हात ठेवून थोडा वेळ वाकून उभ्या राहिल्या, मग सरळ झाल्या. चेहऱ्यावर घाम होता, आणि त्यांना खूप बरं वाटत होतं. हे त्यांनी नंतर दोनदा सांगितलं: खूप बरं वाटत होतं.

"काय म्हणतंय?"

बुद्धभूषणने दोन्ही फोन त्यांच्यापुढे धरले. कौसल्याबाईंनी चष्मा नाकावर सरकवला. घड्याळाची रेघ उंच सरळ चालून शेवटी दरडीसारखी कोसळली होती. पट्ट्याची रेघ खालून निघून चढत गेली होती आणि जिथे घड्याळाची कोसळली, तिथे ती सगळ्यांत उंच होती.

"हे इथे काय आहे?"

"दौड."

"आणि आठवडाभर मी घड्याळ सैल बांधत होते, तेव्हा?"

"तेव्हाही हेच असणार. घड्याळाला दिसत नव्हतं."

त्यांनी चष्मा काढून ओढणीला पुसला. घड्याळाने आधी भलतंच घाबरवलं होतं आणि मग भलताच धीर दिला होता, आणि त्यांना धीर तेवढा खरा वाटला होता.

"डॉक्टरांना विचारू," बुद्धभूषण म्हणाला. "कदाचित त्या म्हणतील थोडं वर गेलं तरी चालतं. गोळीचा डोस वगैरे..."

"विचार. सोमवारी विचारू."

उल्हासराव हलगी गळ्यातून न काढता जवळ आले होते. ते हळूच म्हणाले, "ताई, मी दौडीला हात जरा आखडता घेतो. कोणाला कळणार पण नाही."

"मला कळेल. पोरींना कळेल. आणि तुम्हाला हळू वाजवता येत नाही, उल्हासराव. चाळीस वर्षांत कधी जमलंय?"

"ते पण खरंय."

पाणी पिऊन झालं. मुली पुन्हा ओळीत उभ्या राहू लागल्या, कारण दौड नेहमी दोनदा करून बघतात. कौसल्याबाई कोपऱ्याकडे चालत गेल्या. कोपऱ्यात त्या थांबल्या नाहीत. शेजारी केतकी उभी होती. त्यांनी काळपट दांड्याची लेझीम तिच्या हातात दिली, तिची आपण घेतली आणि गळ्यातली शिट्टी काढून तिच्या गळ्यात घातली.

केतकीला समजायला थोडा वेळ लागला. "मावशी, नको हं. माझी मेमध्ये प्रिलिम आहे."

"चौदा तारखेला आहे का?"

"नाही, पण—"

"मग धर. आणि तुझा डावा पाय आधी पडतो, तो सांभाळ. मागच्या सगळ्या तुझ्याकडे बघणार आहेत."

त्या दुसऱ्या ओळीत गेल्या. उल्हासराव हलगीचं टिपरू हातात धरून बघत होते. कौसल्याबाई तिथून ओरडल्या, "काय बघता? वाजवा."

दौडीची शिट्टी झाली तेव्हा त्या ओळीतून चार पावलं बाहेर सरकल्या आणि लेझीम छातीशी धरून उभ्या राहिल्या. ओळी त्यांच्यासमोरून गेल्या. केतकीचा डावा पाय आधी पडला, मग सुधारला. कडुनिंबाखाली बुद्धभूषणने दोन्ही फोन खिशात टाकले आणि, ओळ मध्ये वाकडी झाली तेव्हा, जुन्या सवयीने हात तोंडाशी धरून ओरडला, "तिसरी ओळ! सरळ!"

परतीच्या वाटेवर गाडीत कौसल्याबाईंनी नांदेडला फोन लावला. कुसुमावती आता ब्याऐंशी वर्षांच्या आहेत, ऐकू कमी येतं, म्हणून फोन स्पीकरवर होता.

"वहिनी, कोपरा सोडला मी."

"काय सोडलं?"

"कोपरा! दिला एका पोरीला. तुमच्याच बाजूची, हिंगोलीची आहे."

पलीकडून आवाज आला, "दौड झेपत नाही?"

"झेपते असं वाटत होतं. मशीन म्हणतंय नाही."

"मशीनने सांगेपर्यंत थांबलीस? मी तर गुडघ्यांनी सांगितलं तेव्हाच ऐकलं. जाऊ दे. माझी लेझीम दिलीस ना तिला?"

"दिली."

"दांडा ढिला झाला असेल. तिला सांग, पाणी लावू नको, तेल लाव."

"सकाळीच लावलं, वहिनी."

गाडी पालमच्या पुढे सिग्नलला थांबली. मैत्रीने मागे वळून विचारलं, पट्टा टोचतोय का, काढायचा का. कौसल्याबाई म्हणाल्या, घरी गेल्यावर काढू, आणि बुद्धभूषणला म्हणाल्या, मित्राला सोमवारनंतर परत कर. मनगटावरचं घड्याळ त्यांनी एक भोक घट्ट केलं. त्यावर ७८ होतं.

उद्या रविवार. सराव साडेसातला आहे. उजव्या कोपऱ्यात केतकी असेल. कौसल्याबाई दुसऱ्या ओळीत, डावीकडून तिसऱ्या, आणि दौडीची शिट्टी झाली की त्या ओळीतून बाहेर येऊन उल्हासरावांच्या शेजारी उभ्या राहतील.